दाऊदभाईंचा शुक्रवार

दाऊदभाई खोत माणूस सोन्यासारखा होता, असं आता सगळे म्हणतात. म्हणू देत. त्यांच्याकडे ज्यांनी कधी मशीन दुरुस्तीला टाकलं नाही त्यांना म्हणायला काय जातंय? मी पंधरा वर्षं त्यांच्या दारात उभा राहिलोय. त्यांनी मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सख्ख्या मेहुण्यानेही दिला नाही, आणि माझा मेहुणा कसा आहे ते आमच्या दिघाशी गावात कुणालाही विचारा.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. भोंगे, बॉक्स, माईक आणि मशीन. मशीन म्हणजे अँप्लिफायर. हळद, साखरपुडा, उरूस, निवडणुकीची सभा, कुठेही बोलवा, टेम्पो घेऊन हजर. आमच्या आगरी लोकांची हळद म्हणजे तुम्हाला ठाऊक असेलच. शेजारच्या गावाला ऐकू गेली नाही तर ती हळद कसली! नवऱ्याचा मामा पहिलं काय विचारणार, तर "पाटील, मशीन किती वॅटचा हाय?" आपण म्हणायचं पाचशे. तो खूश, आपण खूश. खरं किती ते ना त्याला माहीत, ना मला, ना मशीन बनवणाऱ्याला.

माहीत असायचं ते एका माणसाला, आणि तो गप्प बसायचा नाही.

भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या पाठीला पाठ लावून दाऊदभाईंची खोली होती. मधली भिंत एकच. पलीकडे कापड विणणारे चोवीस लूम, अलीकडे दाऊदभाई. उंच, काटकुळे, चष्म्याची काडी तुटलेली म्हणून तिथे तांबड्या वायरचा तुकडा वळवलेला. अंगात बंडी, कमरेला चौकड्याची लुंगी, कानावर पेन्सिल. टेबलावर एक सूर काढणारा डबा, एक काटेवाला मीटर, हेडफोन, आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवलेली हीटरची कॉइल. मशीनचा जोर भोंग्याऐवजी त्या कॉइलमध्ये जिरवायचे, म्हणजे मोजताना शेजारपाजारच्यांचे कान वाचायचे. यातलं अर्धं सामान त्यांनी मासिकातली चित्रं बघून हाताने बनवलेलं. आणि टेबलाच्या कोपऱ्यात पाण्याचा काचेचा पेला. तो प्यायला नव्हता. त्याचं पुढे येईल.

मशीन नीट झालं की दाऊदभाई ते मोजायचे, आणि मोजलं की एक कागदाची चिठ्ठी खळ लावून पाठीवर चिकटवायचे. नॉइज इतका, डिस्टॉर्शन इतकं, वॅट इतके, तारीख, सही. एकदा माझ्या नव्याकोऱ्या मशीनवर त्यांनी लिहिलं, 'बेचाळीस वॅट'. मी पुढच्या बाजूला पेंटरकडून लाल रंगात पाचशे काढून घेतलेले होते!

"दाऊदभाई, अहो बेचाळीस काय? लोक मला मारतील."

"मग पाचशे मार खा. मोजलेले बेचाळीस आहेत."

"निदान लिहू तरी नका."

"लिहायचं नाही तर मोजायचं कशाला?"

एका सभेच्या वेळी उमेदवाराचा माणूस माझ्याबरोबर मशीन न्यायला आला. त्याने चिठ्ठी वाचली आणि तोंड वाकडं केलं. "समोरच्या पार्टीने हजार वॅट लावलेत हो." दाऊदभाईंनी चष्मा वर सरकवला आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "घेऊन या ना इकडे. मोजू." तो माणूस जो गेला तो दुसऱ्याच साउंडवाल्याकडे. माझी सभा हातची गेली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

चांगलं, वाईट, झकास, बेकार असले शब्द त्या माणसाच्या तोंडात नव्हतेच. आकडा सांगायचे आणि गप्प. घरातही तेच. खातूनभाभी बिचाऱ्या एकदा माझ्यासमोर विचारत होत्या, "कालवण कसं झालंय?" हे शांतपणे घास गिळून म्हणतात, "मीठ परवापेक्षा जास्त." भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाटील, तीस वर्षं झाली. एकदा 'छान' म्हणाले असते तर मीटर तुटलं असतं का यांचं?"

मला एकदा त्यांनी त्यांची मोजायची रीत समजावून सांगितली होती. मी विचारली नव्हती. टेम्पो बाहेर उभा, मंडपवाला वाट बघतोय आणि हे आपले शिकवतायत.

"हे बघ बाळाराम. मशीनच्या तोंडात काहीच घालायचं नाही. माईक नाही, सूर नाही, काही नाही. तरी ते जे बडबडतं ते नॉइज. कळलं? आता एकच साफ सूर घालायचा. बाहेर काय येतं बघायचं. आणि बाहेर आलेल्यातून तो सूर काढून टाकायचा. ही दोन बटणं हळूहळू फिरवली की आपण घातलेला सूर पुसला जातो. मग जे उरतं ते आपलं नाही. ते मशीनने पदरचं घातलेलं. ते डिस्टॉर्शन."

"बरं. झालं मशीन?"

"माणसं पण अशीच. काही माणसं कुणी काही विचारलं नाही तरी गुणगुणत बसतात. ती नॉइजवाली. काही विचारलं की बरोबर सांगतात, पण मध्ये स्वतःचं घालून सांगतात. ती डिस्टॉर्शनवाली. दुसरी जास्त वाईट. कारण ऐकणाऱ्याला वाटतं, मूळ माणूसच तसं बोलला."

"आणि मी कुठला?" मी आपला वैतागून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुझ्यात जोर खूप आहे. पण ताकद असेल त्याच्यापेक्षा जास्त आवाज चढवतोस. मग सुराची डोकी कापली जातात. आवाज मोठा येतो, पण फाटलेला."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही, कारण पुढे पडघ्याच्या सदू मिस्त्रीचं जे झालं ते सगळं या बोलण्यात आधीच होतं.

सदू मिस्त्री म्हणजे सदाशिव भोईर. पडघ्याला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान. तो व्हॉल्वची मशीनं बनवायचा. व्हॉल्व म्हणजे काचेचे दिवे असतात ना जुन्या रेडिओत, ते. बाकी सगळे ट्रान्झिस्टरकडे वळले, पण सदूचा हट्ट व्हॉल्वचाच. ट्रान्सफॉर्मरसुद्धा स्वतः हाताने गुंडाळायचा. माणूस अबोल, मानी. त्याचं मशीन घेतलं की दहा वर्षं बघायला नको, असं तालुक्यातले साउंडवाले म्हणायचे. मीही त्याच्याकडून एक घेतलं.

घेतलं आणि पहिल्याच हळदीत त्याचा आवाज फाटला. आता मी बटण शेवटापर्यंत पिळलं होतं हे खरं. पण मी म्हटलं मशीनमध्येच खोट आहे. सदू म्हणाला, "मशीनमदी काय न्हाय. तुज्या हातात हाय." मी भडकलो. म्हटलं थांब, तुला पुराव्याने दाखवतो. मशीन टेम्पोत टाकलं आणि तडक दाऊदभाईंकडे. बुधवार होता. तेव्हा ते कुठल्याही वारी मोजायचे.

खोलीत दोन-तीन साउंडवाले आधीच बसलेले होते. मला घाई. दुपारी मंडपात पोचायचं होतं. दाऊदभाईंनी मशीन लावलं, सूर सोडला, बटणं फिरवली. काटा खाली यायला तयार नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग हेडफोनकडे हात गेला त्यांचा. उरलेला आवाज कानाने ऐकून बघायची त्यांची सवय होती.

"अहो काटा दिसतोय ना?" मी म्हटलं. "आकडा सांगा आणि सोडा मला. माझा मंडप जाईल."

त्यांचा हात थांबला. काट्याकडे बघून ते म्हणाले, "तीन टक्के." चिठ्ठी लिहिली, चिकटवली. त्यांनी स्वतः बनवलेल्या मशीनचं डिस्टॉर्शन अर्ध्या टक्क्याच्या वर कधी जायचं नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

दाऊदभाई तेवढंच बोलले होते. 'तीन टक्के.' दुसरा शब्द नाही.

मी संध्याकाळी पडघ्याला गेलो. सदूच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. त्यांच्यासमोर मशीन फळीवर आदळलं आणि ओरडलो, "हे घे तुझं! भिवंडीला मोजून आणलंय. दाऊदभाई म्हणाले, भंगार आहे, भंगार!"

भंगार हा शब्द माझा. पण तो मी दाऊदभाईंच्या तोंडी घातला. माझ्या शब्दाला कोण विचारतो? दाऊदभाईंचं नाव लावलं की झालं. पुढचा महिनाभर जिथे जाईन तिथे मी हेच सांगत सुटलो. हळदीत सांगितलं, उरुसात सांगितलं, टपरीवर सांगितलं. आणि ज्या माणसाने जन्मात कुणाला वाईट म्हटलं नाही तो भंगार म्हणाला म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं होतं? सदूकडे जाणारे साउंडवाले थांबले. वर्षाच्या आत त्याने मशीनं बनवायची सोडली आणि त्याच दुकानात ट्रकचे हॉर्न आणि दिवे दुरुस्त करायला लागला.

मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटलं. मला वाटलं, मी बरोबर होतो.

दीडेक वर्षाने एका शनिवारी मी माझं मशीन आणायला गेलो तर दाऊदभाई टेबलासमोर नुसते बसून होते. दाढी केलेली नव्हती. समोर दर्ग्यातलं एक जुनं व्हॉल्वचं मशीन उघडं पडलेलं.

"बाळाराम, हा हेडफोन लाव."

"दाऊदभाई, माझं मशीन..."

"लाव म्हणतो ना!"

दाऊदभाई ओरडले हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी गपचूप हेडफोन लावला. खट्खट् खट्खट् खट्खट्. लूमचा आवाज. मी म्हटलं, हा तर भिंतीपलीकडून येतोय. त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि मशीनचं बटण बंद केलं. कानातली खटखट गेली. लूम चालूच होते. पुन्हा चालू केलं, खटखट आली. मग त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक एका व्हॉल्ववर हळूच मारलं. कानात टण्णकन घंटा वाजली.

"काचेच्या आत बारीक तारा असतात," ते म्हणाले. "हलल्या की वाजतात. पलीकडे लूम चालतात, भिंत हलते, भिंतीने जमीन हलते, जमिनीने टेबल, टेबलाने हे. गुरुवारी याचे तीन टक्के आले. काल शुक्रवारी लूम बंद होते. काल किती आले माहीत आहे? शून्य पॉइंट तीन. दहा वेळा मोजलं. आज पुन्हा तीन."

मला काही उमजलं नाही. मी म्हटलं, "मग?"

"मग काय! मीटर काय दाखवतं? सूर काढून उरलेलं सगळं दाखवतं. त्यात मशीनने वाकडं केलेलं पण आलं आणि बाहेरून घुसलेला गोंगाट पण आला. काट्याला फरक कळत नाही. तो कानाला कळतो. सदूचं मशीन मोजलं तेव्हा मी कानाला लावलं नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सदूच्या मशीनमध्ये खोट नव्हती रे. खोट माझ्या टेबलात होती."

भिवंडीत जन्म काढलेल्या माणसाला टेबल हलतंय हे कळलं नाही, यावर बाहेरचा कुणी विश्वास ठेवणार नाही. पण आमच्याकडे ताटातलं वरणसुद्धा थरथरतं. कोण बघतो? आम्हाला लूम बंद पडले की दचकायला होतं. आणि दाऊदभाईंची स्वतःची मशीनं ट्रान्झिस्टरची. त्यात हलायला तारा नाहीत, म्हणून त्यांना कधी संशय आला नाही.

त्या दिवसापासून टेबलाच्या कोपऱ्यात तो पाण्याचा पेला आला. आठवडाभर त्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठत राहायच्या. शुक्रवारी लूमला सुट्टी, सकाळी पाणी आरशासारखं थांबायचं. मग दाऊदभाई मोजायला बसायचे, ते बारापर्यंत. नंतर जुम्म्याच्या नमाजाला जायचे. म्हणजे आठवड्यात तीन तास. उरलेले सहा दिवस दारात कुणीही येवो, एकच उत्तर. "शुक्रवारी या."

"अहो दाऊदभाई, हे ट्रान्झिस्टरचं आहे. याला काय फरक पडतो?"

"पडत नसेल. पण मी काय काय खरं धरून चाललो होतो ते मला कळलंय आता. शुक्रवारी ये."

माझी किती लग्नं हुकली त्या शुक्रवारापायी! मी चिडायचो, हातपाय आपटायचो, एकदा तर तो पेला उचलून पाणी पिऊन टाकलं. त्यांनी शांतपणे पुन्हा भरला. आणि चिडून तरी काय करणार होतो? हेडफोनकडे जाणारा त्यांचा हात मीच थांबवला होता. त्यांनी मात्र एकदाही तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडायला तरी बरं पडलं असतं.

मग त्यांनी सदूचा ध्यास घेतला. ते मशीन पुन्हा मोजायचं, सदूसमोर, आणि ती चिठ्ठी बदलायची. मी म्हटलं, एक पत्र टाका. म्हणाले, पत्र वाचून कुणाचा विश्वास बसतो? सदूकडे माणूस पाठवला. सदूचा निरोप आला, "मला चिठ्ठी नको नि काय नको. माजं बरं चाललंय." दुसऱ्यांदा निरोप पाठवला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा दाऊदभाईंनी निरोप पाठवलाच नाही. एका शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभे. सूर काढायचा डबा, मीटर, तेलाचा डबा, हेडफोन, सगळं गोधडीत गुंडाळलेलं, आणि हातात तो पेला.

"टेम्पो काढ. पडघ्याला जायचंय."

"पडघ्याला कुठे लूम आहेत? तिथे कुठल्याही वारी जाता येईल. आज माझा साखरपुडा आहे."

"तुझा?"

"गिऱ्हाइकाचा हो!"

"मग काढ."

काढला. काय करणार?

सदू ट्रकच्या बोनेटखाली वाकलेला होता. आम्हाला बघून त्याने हात पुसले आणि बाकावर बसला. मशीन वरच्या फळीवर होतं. त्यावर धूळ, पण चिठ्ठी तशीच. त्याने ती काढली नव्हती. दाऊदभाईंनी स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने मशीन खाली घेतलं, फडक्याने पुसलं, बाकावर सामान मांडलं, पेल्यात पाणी ओतलं. हायवेवरून ट्रक गेला की पाणी हलायचं. ट्रक गेला की ते हात वर करून थांबायचे, पाणी थांबेपर्यंत. त्यांना बघायला बाजारातली माणसं जमा झाली. मला तर कुठे लपू असं झालं होतं. तासभर चालला तो खेळ.

मग त्यांनी मीटर सदूकडे फिरवलं. "तूच वाच."

सदूने वाचलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"मोठ्याने वाच, सदाशिव. लोक आहेत."

"शून्य पॉइंट तीन."

दाऊदभाईंनी जुन्या चिठ्ठीवरच्या तिनावर एक रेघ मारली. खोडलं नाही, नुसती रेघ, खालचा आकडा वाचता यावा अशी. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवली. शून्य पॉइंट तीन, तारीख, सही. आणि सहीखाली आणखी दोन शब्द लिहिले. 'फरक माझा.'

मला वाटलं संपलं. सुटलो. तेवढ्यात सदू बोलला.

"आकडा चुकला, समजलं. मानसाचा आकडा चुकतो. पन तुमी मला भंगार बोललात. चार मानसात. आकडा चुकला म्हनून कोन भंगार बोलतो?"

दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते वाट बघत होते, ट्रक गेल्यावर पाणी थांबायची बघत होते तसे. आणि मी, बाळाराम पाटील, ज्याचा आवाज तीन गावांना ऐकू जातो, तो मी हायवेकडे बघत उभा राहिलो.

दाऊदभाई वळले आणि सदूला म्हणाले, "चुकलं माझ्याकडून. माफ कर."

सदूने मान हलवली, पण त्यांनी पुढे केलेला हात घेतला नाही. नव्या चिठ्ठीची बातमी पसरली. मी नाही पसरवली, बाजारातल्या माणसांनी पसरवली. सदूकडे हळूहळू दुरुस्तीची मशीनं यायला लागली, नंतर पुन्हा चार नवीही बनवली त्याने. पण दाऊदभाईंचं नाव निघालं की तो उठून आत जायचा. दाऊदभाईंना त्याच्याशी बोलायचं होतं. व्हॉल्वबद्दल दहा गोष्टी विचारायच्या होत्या. तालुक्यात तेवढं समजणारा दुसरा होता कोण? सदूचा हात कसा आहे, ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळतो, मला विचारत राहायचे. मी म्हणायचो, मला काय माहीत?

पडघ्याहून परत येताना टेम्पोत मी अर्धी वाट कशीबशी काढली. मग राहवेना. उलट त्यांच्यावरच खेकसलो, "तुम्ही का घेतलंत स्वतःवर? तुम्ही म्हणाला होतात का भंगार? सांगायचं होतं ना त्याला!"

"मी सांगून काय होणार? मी म्हणालो नाही असं मी सांगायचं, आणि त्याने ऐकायचं? ते ज्याने घातलं त्यानेच काढायचं असतं."

"मग... मी सांगतो. मी बोलतो त्याच्याशी. ऐका, खरं म्हणजे तेव्हा काय झालं..."

"आत्ता नको," ते म्हणाले. "टेम्पोच्या आवाजात काही ऐकू येत नाही. शुक्रवारी ये. बसून बोलू. मग आपण दोघं सदूकडे जाऊ."

पुढच्या शुक्रवारी मला हळद होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नव्हती, पण मी गेलो नाही. त्यानंतर मी शुक्रवार सोडून सगळ्या वारी जायचो. मशीन टाकायचो आणि आणायला दुसऱ्याला पाठवायचो. सात-आठ वर्षं! एवढी वर्षं एक वाक्य तोंडात धरून माणूस जगतो, जेवतो, पोरींची लग्नं लावतो. काही होत नाही त्याला. दाऊदभाईंनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त मी निघालो की म्हणायचे, "शुक्रवारी ये कधीतरी." मी म्हणायचो, "येतो ना, येतो." तोपर्यंत डीजेचे मोठमोठे डेक आले, बाहेरची तयार मशीनं आली, मोजून घ्यायला कुणाला वेळ राहिला नाही. त्यांच्या खोलीत गर्दी नसायची. पेला तेवढा जागेवर असायचा.

ते गेले तेव्हा सदूला सांगायला मीच गेलो. बातमी सांगितली आणि त्याच दमात ते वाक्यही सांगून टाकलं. "भंगार मी म्हणालो होतो. ते नव्हते म्हणाले. ते फक्त तीन म्हणाले."

सदूच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने वर फळीकडे बघितलं. मशीन होतं. दोन चिठ्ठ्या होत्या.

"आता सांगतंस?" तो म्हणाला. "मानूस मातीत गेल्यावं?"

मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने नाही दिल्या. दुकान बंद केलं, माझ्याच टेम्पोत बसला आणि भिवंडीला आला. खातूनभाभींना म्हणाला, त्यांचा टेबल बगू द्या मला जरा. त्या खोलीत तो एकटाच बसून राहिला. मी बाहेर थांबलो. आत जायचं तोंड नव्हतं मला.

दाऊदभाईंना मी शेवटचं पाहिलं, ते जाण्याच्या तीन-चार दिवस आधी. टेम्पो भरून मी हळदीला निघालो होतो आणि रस्ता खोदलेला म्हणून त्यांच्या गल्लीतून गाडी काढावी लागली. दाऊदभाई दारातच उभे होते. खूप वाळले होते, चष्म्याला अजून तीच तांबडी वायर. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हाताने आत बोलावलं. मी गाडीतूनच ओरडलो, "घाईत आहे दाऊदभाई! शुक्रवारी येतो, नक्की!"

ते आत वळले, टेबलावरचा पेला उचलला आणि दारात येऊन माझ्याकडे धरून उभे राहिले. त्यांचा हात थरथरत होता, तेवढंच काय ते पाणी हलत होतं. मग त्यांनी पेला उंबऱ्याशेजारच्या कट्ट्यावर ठेवला आणि हात काढून घेतला.

पाणी थांबलं. गल्लीत लूमचा आवाज नव्हता. शुक्रवारच होता तो.

मला कळलं नाही असं नाही. मी गियर टाकला आणि गेलो.